बारा दिवसांचा दोर

घोडसरीच्या ख्रिस्तवाडीत शिरलं की चर्चच्या आधी डोळ्यांत भरतात ते अंगणातले दोन काळे दगड. कमरेएवढे उंच, एकमेकांपासून चाळीस हात लांब, आणि दोघांच्याही मानेला खोल खाच पडलेली. नगरकडून येणारे पाहुणे आधी त्यांचीच चौकशी करतात. कुणाला त्या समाध्या वाटतात, कुणाला बैल बांधायचे खुंट. मागच्या साली एक चष्मेवाले गृहस्थ आले होते, त्यांनी तर ते वीरगळ ठरवून फोटोही काढून नेले. काढू द्या, दगडांना काय त्याचं. पण खरं ऐकायचं असेल तर या पायरीवर टेका आणि जरा दमानं ऐका. प्रेमाची गोष्ट ऐकायला मिळेल म्हणून जे येतात, त्यांची इथे निराशा होते. ही वैराची गोष्ट आहे.

शंभराच्या वर वर्षं झाली असतील. तेव्हा इथे ख्रिस्तवाडी नव्हती, मांगवाडा होता. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या आणि गावाच्या कार्याला हलगी वाजवायची, हे आमच्या लोकांच्या वाट्याला आलेलं काम. गेनू चांदणे हा त्यातला नावाजलेला वाजवणारा, आणि सारजा त्याची बायको. हलगी गेनूची पण दोर सारजेचा, असं गावच म्हणत असे. त्या काळी विहिरीचं पाणी चामड्याच्या मोटेनं काढत. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून खाली गेलेल्या उतारावरून जात, मोट वर येई, आणि ती ओढणाऱ्या जाडजूड दोराला नाडा म्हणत. बैल उताराला लागले की मोट हाकणारा त्या नाड्यावरच बसायचा, आपलं वजन जोडायला. म्हणजे नाड्यानं दगा दिला तर जाणार तो माणूस. सारजेच्या नाड्यावर बसून कुणी कधी पडला नव्हता.

त्याचं कारण ती सांगायची ते एवढंच, की घाई करायची नाही. घायपाताची पानं ठेचून पाण्यात कुजत घालायची, वर धोंडा ठेवायचा आणि थंडीच्या दिवसांत पुरते बारा दिवस हात लावायचा नाही. मग पानाचा गर सुटून जातो आणि निव्वळ वाख, म्हणजे दोराचा धागा, हाती येतो. आधी काढला तर वाख दिसायला पांढराशुभ्र, बाजारात उठून दिसेल असा, पण त्याच्या पोटात हिरवा गर राहतो. असा दोर दोन-तीन महिने छान चालतो आणि आतल्या आत सडत जातो.

मिशनचे भागूजी मास्तर दर रविवारी पाच कोस चालत येत. त्यांच्या शिकवण्याने मांगवाड्यातल्या सहा घरांनी बाप्तिस्मा घेतला, त्यात गेनूचं घर पहिलं. गावाने आधी थट्टा केली. गेनूने हलगी आढ्याला टांगली आणि देवीच्या कार्यात मी यापुढे वाजवणार नाही असं हात जोडून सांगितलं, तेव्हा थट्टा बंद झाली आणि लोक नुसते बघायला लागले. ते बघणं थट्टेपेक्षा वाईट होतं.

त्याच साली ज्येष्ठात पटकी आली. रीतीप्रमाणे मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा ठरला आणि गाड्यापुढे हलगी हवी होती. सुभानजी पाटील स्वतः मांगवाड्याच्या तोंडाशी आला. आजवर पाटील कधी तिथवर आला नव्हता. त्याचा एकुलता एक मुलगा केरबा, एकोणीस वर्षांचा, सकाळपासून उलट्यांनी आडवा पडला होता. गेनूने पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं, केरबासाठी रात्रंदिवस प्रार्थना करीन म्हणाला, पण हलगी काढली नाही. गाडा हलगीवाचून गेला. तिसऱ्या दिवशी केरबा गेला.

सुभानजी मुळात वाईट माणूस नव्हता, असं आमचेच लोक सांगतात, आणि सांगताना त्यांचं तोंड कडू होतं. पण केरबाची राख सावडून झाल्यावर त्याने गेनूला धावेवर बोलावलं आणि ज्या हाताने हलगी वाजवली नाही तो उजवा हात दगडावर ठेवायला लावून वर दुसरा दगड घातला. गाव बघत होतं. मग सहाही घरं वाळीत पडली. दुकानदार मीठ देईना, कुणी निखारा देईना. पाटलाच्या विहिरीखाली उभं राहिलं की वरून कुणीतरी घागरीत पाणी ओतत असे, तेही बंद झालं. ओढ्यातलं हिरवं डबकं तेवढं उरलं. ते पाणी पिऊन सारजेची मुलगी रूथ आजारी पडली.

रूथ पाच वर्षांची होती. सारजा घागर घेऊन पाटलाच्या विहिरीखाली दोन प्रहर उभी राहिली. वर मोट चालू होती, मोट रिकामी होते त्या थारोळ्यात पाणी बदाबदा पडत होतं, आणि तिच्या घागरीत एक चूळभर कुणी घातलं नाही. ती रिकामी घागर घेऊन परत आली तेव्हा पोर थंड पडत चालली होती. पुरायलाही गावाने जागा दिली नाही. वस्तीमागच्या माळावर गेनूने एका हाताने खड्डा खणला.

यानंतरची सारजा आमच्या कुठल्याही भजनात बसत नाही, म्हणून तिच्याबद्दल उपदेशात फारसं बोलत नाहीत. मी सांगतो. ती रविवारच्या उपासनेला येई, सगळ्यांबरोबर गाई. पण प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही, की ती ओठ घट्ट मिटून घेई आणि पुढच्या ओळीला परत सामील होई. प्रभुभोजनाची भाकर मनात वैर ठेवून खायची नसते, म्हणून ती हातावर आली की न खाता शेजारणीकडे सरकवी. गेनू हे सगळं पाहत होता. त्याचं मन मऊ होतं, त्याने पाटलाला कधीच माफ केलं होतं, आणि सारजेला त्याचाही राग येत असे. हात तुमचा होता, तुम्ही खुशाल माफ करा, असं ती त्याला म्हणाली होती म्हणे.

पौषात ती पाटलाच्या शेताच्या बांधाने गवताला जात होती. मोट आता पाटील स्वतः हाकत असे. गडी होते, पण केरबाची ती जागा तो दुसऱ्या कुणाला देईना. नाडा नवा होता, बाजारातून आणलेला, पांढराशुभ्र. सारजा चालता चालता थांबली. धावेवर हिरवट भुसा सांडला होता. चिमूटभर उचलून तिने बोटांवर चोळला, नाकाशी नेला, आणि तिला सगळं कळलं. दोर पोटातून सडत होता. फार तर महिना टिकेल. आणि रोज तासन् तास त्याच्यावर सुभानजी पाटील बसत होता, खाली खडकाळ उतार, पुढे धावते बैल.

ती कुणाला काही बोलली नाही. घरी आली, भाकरी केल्या, आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली. त्या दिवसापासून गवत असो नसो, ती रोज त्याच बांधाने जाऊ लागली. भुसा वाढला का बघायची आणि परत यायची. देवाने आपलं ऐकलं असं तिला वाटत होतं. गुडघे टेकून तिने त्याचे आभारही मानले. पुढच्या रविवारी ती अशा मोकळ्या गळ्याने गायली की मास्तरांना वाटलं, बाईचं दुःख सरलं.

गेनूला मात्र शंका आली. त्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा ती हसत म्हणाली, "पाटलाचा नाडा तुटनार हाय. आपुन काय बी केल्यालं न्हाई. आपुन निस्तं गप ऱ्हायाचं."

गेनू गप्प राहिला नाही. तसाच उठून धावेवर गेला आणि दुरून ओरडून त्याने पाटलाला सांगितलं की दोर बदला, आत सडलाय. आता वाळीत टाकलेल्या, हात ठेचलेल्या माणसाने तुमचा दोर तुटणार असं सांगितलं तर ते ऐकणाऱ्याला काय वाटेल? पाटलाला तो शाप वाटला. गड्यांनी गेनूला तुडवला. दोर तुटलाच तर ती तुझी करणी समजेन आणि सहाही घरं पेटवीन, असं पाटलाने सगळ्या रानाला ऐकू जाईल असं सांगितलं.

मग वस्तीतल्या लोकांनी शहाणपणाचा विचार केला. मिशनच्या ठाण्यावर निघून जायचं. दोर आज ना उद्या तुटणारच, तेव्हा आपण इथे नको. सारजेला हे फार पटलं. आपण सुखरूप दूर असू आणि मागे पाटील मरेल, यापेक्षा बरं काय? तिने भांडीकुंडी बांधली, गाठोडं डोक्यावर घेतलं, आणि निघता निघता रूथच्या मातीपाशी शेवटची प्रार्थना म्हणायला माळावर गेली. ऊन चढलं होतं, बाकीचे वाटेवर ताटकळत उभे होते.

रूथला प्रभूची प्रार्थना पाठ होती. पोरगी मोठी खट होती. कुणाकडून एक शब्द जरी गळला तरी ती हात वर करून थांबवायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची, अगदी मास्तरांनासुद्धा. सारजा मातीजवळ बसून म्हणू लागली. त्या ओळीपाशी आल्यावर सवयीने तिचे ओठ मिटले. पुढची ओळ मात्र येईना. तिने पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडली. तीनदा असं झालं. लेकीपुढे तिला ती ओळ गाळता येईना, आणि म्हणताही येईना. शेवटी तिने ती दात-ओठ खाऊन, शिवी हासडावी तशी म्हणून टाकली. मग गाठोडं तिथेच ठेवून ती वाटेवर आली आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. म्या दोर वळनार हाय."

बाईला वेड लागलं असं सगळे म्हणाले. पाच घरं निघून गेली. गेनू तेवढा राहिला.

तिला पाझर फुटला, तिने पाटलाला क्षमा केली, असं काही जण सांगतात. ते खोटं आहे. तिचा राग होता तिथेच होता. ज्या हातांनी ती घायपात कापत होती त्याच हातांनी पाटलाचा गळा दाबायला तिला आवडलं असतं, असं तिनेच पुढे सांगितलं आहे. तोंडून ओळ गेली होती, आता ती खोटी पडू द्यायची नाही, एवढंच तिला समजत होतं. तिने पानं ठेचली, ओढ्याच्या डबक्यात कुजत घातली, वर धोंडा ठेवला. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आता बारा दिवस वाट बघायची आहे आणि पाटील रोज त्या सडक्या दोरावर बसणार आहे.

खरी गोष्ट या बारा दिवसांची आहे. डबक्यापाशी बसलं की पाटलाच्या मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकू येई. पहाट झाली की सारजा कान देई. चाक वाजलं म्हणजे पाटील आज जिता आहे. मग ती म्हणे, देवा, आजचा दिवस टिकव. दिवस मावळायला चाक थांबलं की म्हणे, टिकवलास, आता उद्याचा टिकव. ज्या माणसाच्या मरणाचे दिवस तिने मोजले होते, त्याचं आयुष्य ती रोज एक दिवस असं मागून घेऊ लागली. तिला स्वतःचाच संताप येई. माझ्या लेकीला चूळभर पाणी दिलं नाही त्या मेल्यासाठी मी हे काय करते आहे, असं ती गेनूला विचारी. गेनू ठेचलेल्या हाताला तेल चोळत बसे.

नवव्या दिवशी भर दुपारी चाक मधेच थांबलं. सारजा उठून उभी राहिली. कुणी ओरडतंय का ऐकू लागली. बऱ्याच वेळाने चाक पुन्हा वाजू लागलं. बैलाच्या मानेचं जोतं, म्हणजे जुवाचा पट्टा, सुटलं होतं, एवढंच. सारजा मटकन खाली बसली आणि रडली. रूथ गेल्यावर ती रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली म्हणे, आणि नेमकं कुणासाठी ते तिला सांगता आलं नाही.

गेनू म्हणाला, नऊ दिवस झाले, वाख काढून घेऊ, तेवढाच धोका टळेल. तिलाही मोह झाला. धोंडा सरकवून तिने एक पान चोळून पाहिलं. आत हिरवा गर होता. तिने पान परत पाण्यात घातलं आणि धोंडा वर ठेवला. बाजारचा तसला दोर त्याच्याकडे आहेच की, असं म्हणाली.

तेराव्या दिवशी सकाळी दोघं इथे, या अंगणाच्या जागी, चाळीस हातांवर समोरासमोर उभी राहिली. गेनूच्या हातात पीळ धरायची ताकद नव्हती. त्याने पेडांची टोकं कमरेला बांधली आणि मागे रेलून टाचा जमिनीत रोवल्या. दुसऱ्या टोकाला सारजा एकटीने पीळ देत राहिली. तीन पेडांचा नाडा व्हायला सूर्य माथ्यावर आला. तिच्या तळहातांची सालं निघाली होती.

तसाच तो खांद्यावर टाकून ती धावेवर गेली. गाव गोळा झालं. पाटलाने बैल थांबवले. सारजेने नाडा धावेवर ठेवला आणि मागे सरली.

"तुमचा ल्योक गेला, माजी लेक गेली," ती म्हणाली. "म्या तुमाला माफ केलं असं सांगाया आलेली न्हाई. तुमचा दोर सडलाय. ह्यो बारा दिसांचा हाय. बांधा, न्हाई तर जाळा. पर त्या दोरावर आता बसू नगा."

पाटील नाड्याला पाय लावून म्हणाला, "उचल ही घाण."

तिने उचलला नाही. लोकांनी ढेकळं फेकली, एक तिच्या कपाळाला लागलं. ती पाठ फिरवून चालत घरी आली. त्या दिवशी पुढे चाक वाजलंच नाही. आता नाडा जाळतील आणि मागोमाग आमचं घर, असं धरून दोघं बसून राहिली.

पहाटे चाक वाजलं. गेनू बांधाआडून बघून आला. मोटेला गडद, घट्ट पिळाचा नाडा होता, आणि त्यावर पाटील बसला होता. जुना पांढरा दोर वस्तीच्या कुंपणावर आणून टाकलेला होता. सारजेने त्याचं एक टोक पायाखाली धरून ओढलं. दुसऱ्या हिसक्याला दोर तुटला, आणि आतून काळा भुसा पडला.

त्या रविवारी मास्तर आले तेव्हा उपासनेला दोघंच होती. प्रार्थना सारजेने एकही ओळ न गाळता म्हटली. भाकर देण्याआधी मास्तरांनी तिच्या कपाळावरची खोक पाहिली, सोललेले हात पाहिले, आणि विचारलं, बाई, मन साफ झालं का?

"मन हाय तसंच हाय, मास्तर," सारजा म्हणाली. "पर त्यो जिता हाय."

मास्तरांनी भाकर मोडून तिच्या हातावर ठेवली आणि ती तिने खाल्ली.

पुढे पाटील आणि ख्रिस्तवाडी यांचा समेट झाला, गळाभेट झाली, असं ऐकायला पाहुण्यांना आवडतं. तसं काही झालं नाही. गेलेली पाच घरं वर्षाने परत आली ती आपल्या हिमतीवर. वाळीत टाकलेलं गावाने कितीतरी वर्षं उठवलं नाही, आणि पाणी तर आमच्या लोकांनी शेवटी स्वतःची विहीर खणून घेतलं. सुभानजी पाटील मरेपर्यंत सारजेशी एक शब्द बोलला नाही. मात्र दर पौषात झिजलेला नाडा शिवेच्या दगडावर आणून ठेवलेला असे. ठेवताना कुणी दिसत नसे. सारजा तो घरी आणी आणि बाराव्या दिवसानंतर नवा वळून त्याच दगडावर ठेवी. अशी सतरा वर्षं गेली. एके साली दगड रिकामा राहिला. पाटील गेल्याचं तिला त्यावरून कळलं, आणि त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही म्हणे.

आजही ख्रिस्तवाडीत दोघांचं वैर झालं, मग ते बांधावरून असो की सोयरिकीवरून, तर त्यांना प्रभुभोजनाच्या आधी घायपात कुजत घालावा लागतो. बारा दिवस दोघांनी रोज पहाटे डबक्यावर यायचं आणि एकमेकांचं नाव घेऊन त्याचा आजचा दिवस देवाकडे मागायचा. तोंड वाकडं करून मागितलं तरी चालतं. तेराव्या दिवशी, गेनू-सारजा उभी होती तिथे रोवलेल्या या दोन दगडांपाशी उभं राहून, त्यांना पेड अडकवून दोर वळायचा. खाचा पडल्या आहेत त्या या दोरांच्याच. गेल्या चैत्रात माझा आणि माझ्या सख्ख्या भावाचा दोर इथेच वळला, आणि वळताना आम्ही एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोर झाला की पंच येतात. माफ केलंत का, असं ते कुणाला विचारत नाहीत. एक जण या टोकाला धरतो, एक त्या टोकाला, आणि जीव खाऊन ओढून बघतात.